दोन्ही गाड्या एकच, मॅडम

"दोन्ही गाड्या एकच आहेत, मॅडम. लोगो तेवढा बघून घ्या," शोरूममधला मुलगा म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, दोन्हींच्या स्ट्राँग हायब्रिडची, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणाऱ्या आवृत्तीची, माहितीपत्रकं माझ्या हातात होती. इंजिन तेच, तीन सिलिंडरचं 1490 सीसी. मोटर तीच. दोन्ही मिळून ताकद तीच, 116 पीएसच्या आसपास. कागदावरचं मायलेजसुद्धा दशांशासकट तेच, लिटरला 27.97. दोन्ही 2022 च्या सप्टेंबरात बाजारात आल्या, दोन्ही बंगळुरूजवळच्या बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात बनतात. लांबीत 20 मिलीमीटरचा फरक, तोही बंपरच्या आकारामुळे पडलेला. एकीच्या डॅशबोर्डला काळ्यावर सोनेरी झाक, दुसरीला काळ्याबरोबर तपकिरी. समोरून तोंडवळा वेगळा, बाजूने बघितलं तर दारं, काचा, छताची रेघ सारखी. सख्ख्या जुळ्या. मुलगा बरोबरच होता. तरी घरी येताना रिक्षात, मग रात्री भांडी आवरताना, मग दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या पुलावर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असताना ते वाक्य सारखं वर येत राहिलं. एकच आहेत तर आम्ही इतके दिवस काय ताडून बघतोय?

बाबा असते तर त्यांनी त्या मुलाला समोर बसवून घेतलं असतं. बाबा कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटार कारखान्यात होते, बॉडी शॉपला. पद्मिनी गाडीची दारं बसवायचे. सकाळची स्लो लोकल, ठाण्याहून कुर्ला, डब्यात भाजी-पोळी, आणि संध्याकाळी घरी आले की हातांना येणारा तो ग्रीसचा, रंगाचा आणि कार्बोलिक साबणाचा वास. चाराईच्या आमच्या दोन खोल्यांत तो वास इतका मुरलेला होता की अजूनही एखाद्या गॅरेजवरून जाताना मला आधी घरचं दार दिसतं, मग गॅरेज. गाडी त्यांनी आयुष्यात घेतली नाही. पण रस्त्यात उभी असलेली कुठलीही गाडी दिसली, की तिच्या दाराच्या आणि बॉडीच्या मधल्या फटीवरून ते अंगठा फिरवत. वरून खाली, सावकाश. फट वर बारीक आणि खाली रुंद असली की "घाईत बसवलंय" म्हणत. मालक गॅलरीतून बघत असायचा, आई लाजून चार पावलं पुढे जायची, आणि बाबा आपले मागच्या दाराकडे वळायचे.

तीच पद्मिनी आधी फियाट डिलाइट म्हणून निघायची, मग प्रेसिडेंट झाली, मग सत्तरच्या दशकात पद्मिनी. पत्रा तोच, इंजिन तेच. लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. बाबा म्हणायचे, एका पाळीत, एकाच लायनीवर, लागोपाठ निघालेल्या दोन गाड्यांची दारं मी माझ्या हाताने बसवलेली असतात, पण त्या एक नसतात. एक टॅक्सीला जाते, दुसरी नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे. पाच वर्षांनी बघायला ये. टॅक्सीचं दार दिवसात शंभरदा आपटलेलं असतं, बिजागरी खाली बसलेली असते. डॉक्टरांच्या गाडीचं दार अजून दोन बोटांनी लागतं, पण वापराविना रबर सुकलेलं असतं. कारखान्याच्या फाटकापर्यंतच त्या सारख्या. हे ते मोठं काही सांगतोय अशा आवाजात सांगत नसत. जेवता जेवता, ताटातल्या भाताला मध्ये खळगा करत सांगत. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली, तेव्हा बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईने टीव्हीवरची ती बातमी उभी राहून बघितली.

तर त्या शोरूममध्ये मीही अंगठा फिरवला. आधी एका गाडीवर, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शोरूममध्ये दुसरीवर. फट दोन्हींची सरळ, एकसारखी, यंत्राने राखलेली. बाबांना बोलायला जागा उरली नसती. दार लावलं, तर आवाजही तोच.

टेस्ट ड्राइव्ह मी मुद्दाम घोडबंदर रोडला, संध्याकाळी सातच्या सुमाराला मागितली. मुलगा म्हणाला, मॅडम, सकाळी या, रस्ता मोकळा असतो, गाडी कळेल. पण मला गाडी घ्यायची आहे ती सातच्याच घोडबंदरसाठी. कापूरबावडीपासून मानपाड्यापर्यंत मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळल्यापासून कोण कुठून आत शिरेल याचा नेम नसलेल्या त्या प्रवाहात माझं आयुष्य रोज जातं. आणि हायब्रिडची खरी गंमत इथेच आहे हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. साध्या पेट्रोल गाडीचं मायलेज हायवेला वाढतं आणि गर्दीत कोसळतं. हिचं उलट. गाडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते, तेव्हा बहुतेक वेळ इंजिन बंदच असतं आणि मोटर तिला पुढे नेते. ब्रेक दाबला की चाकांचा वेग वाया न जाता मोटर उलटी जनरेटर होऊन बॅटरीत थोडी वीज टाकते. पुढच्या वीस-तीस मीटरला तीच कामी येते. एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते. शेजारी डंपर धडधडत होता, मागचा टेम्पो हॉर्नवरून हात उचलत नव्हता, आणि आमच्या काचेच्या आत एवढी शांतता, की मागे बसलेल्या आईच्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू आला.

"बंद पडली का गं?" आईने विचारलं. नाही म्हटलं, चालूच आहे. तेवढ्यात बॅटरी उतरली म्हणून इंजिन आपोआप सुरू झालं, उभ्या गाडीत, कुणी काही न करता. बारीकशी थरथर पायाखालून वर आली. आईने माझ्या पायाकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि काही न बोलता पदर सारखा केला. मला ती थरथर आवडली नाही, हे सरळच सांगते. तीन सिलिंडरचं इंजिन शांततेतून अचानक जागं होतं तेव्हा ते आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. गायमुखच्या चढावर पाय दाबला तेव्हा तर ते चांगलंच ओरडलं. कारण साधं आहे. बॅटरी इवलीशी, पाऊण किलोवॅट-अवरची. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत ती चाळीस-पन्नासची असते. लांब चढावर ही शिदोरी लवकर संपते आणि सगळा भार इंजिनावर येतो. उतारावर मात्र गिअरचा दांडा 'बी'वर टाकला की गाडी स्वतःच आवळल्यासारखी उतरते, ब्रेक तापत नाहीत आणि बॅटरीच्या चित्रातल्या पट्ट्या एकेक करून भरत जातात. गावी जाताना परशुराम घाट उतरताना हे किती बरं पडेल, असं मनात आलं. आणि अर्थात दोन्ही गाड्यांत हे सगळं अगदी तसंच.

मग घरी टेबलावर हिशेब झाला. नवरा हिशेबाला बसला की मोबाइलवर नाही, कागदावरच बसतो. ऑफिसचं माझं येणं-जाणं धरून वर्षाला 10,000 किलोमीटर. आमच्या रस्त्यावर साधी पेट्रोल ऑटोमॅटिक लिटरला 12 देईल, हायब्रिड 20 देईल असं धरू. कागदावरचे 28 धरायचे नाहीत. म्हणजे एकीकडे 833 लिटर, दुसरीकडे 500. लिटर शंभरावर आहे, तर वर्षाला साधारण 34,000 रुपये वाचतात. हायब्रिडला जास्तीचे 3 लाख मोजले, तर ते फिटायला जवळपास 9 वर्षं. वर करही आपल्याला काही सवलत देत नाही. गाडी चार मीटरहून लांब आणि इंजिन 1200 सीसीच्या वर, म्हणून 2025 च्या सप्टेंबरनंतरही जीएसटी 40 टक्के, इलेक्ट्रिकला 5. अटल सेतूचा टोल इलेक्ट्रिकला माफ, हायब्रिडला नाही. मग इलेक्ट्रिकच का नको, हा प्रश्न लेकीने विचारला, आणि तो योग्यच होता. पण आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे, आपली गाडी कधी वर तर कधी खाली, आणि चार्जरच्या वायरीचा विषय मीटिंगमध्ये निघाला की दर वेळी पुढच्या मीटिंगवर जातो. त्यावर मी इथे लिहीत नाही, तो वेगळा आणि लांबलचक विषय आहे.

नवरा म्हणाला, "काळजी नाही, हायब्रिड बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे. आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर."

आई शेजारी बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मोड आलेला वाल दोन बोटांत धरायचा, अंगठ्याने हलकं दाबायचं, की साल मागे राहते आणि पांढरा दाणा वाटीत उडी मारतो. तिची बोटं बघायलाही न लागता हे करतात. तिने नवऱ्याचा कागद ऐकला होता. म्हणाली, "म्हणजे पैसे वसूल व्हायला नऊ वर्षं, आणि वॉरंटी आठ. नऊ वर्षांनी मी 86 ची." आवाजात काहीही नव्हतं. सोललेल्या वालांचा अंदाज सांगावा तसं तिने सांगितलं, आणि पुढचा वाल उचलला.

टेबलाभोवती कुणी काही बोललं नाही.

त्या क्षणापासून मला त्या दोन गाड्या वेगळ्या दिसायला लागल्या, किंवा खरं तर गाड्या दिसायच्याच थांबल्या. नऊ वर्षं हा आकडा आम्ही पेट्रोलसाठी काढला होता. पण नऊ वर्षांत लेक बारावी होईल, शिकायला कुठेतरी जाईल, मागची डावी सीट रिकामी होईल. नवऱ्याची निवृत्ती येईल. मी चालवत असेन, पण रात्रीचं चालवायला आजच्याइतकी धजेन का, माहीत नाही. आणि आईची सीट. गाडी घेताना कुटुंब आज जसं बसतं तसंच ते दहा वर्षं बसणार आहे असं आपण गृहीत धरतो. पाच सीटांची गाडी, पाच माणसं, चित्र पूर्ण. आमच्याकडे माणसं चारच आहेत, आणि पाचवी सीट आईच्या वॉकरला लागते.

या वॉकरने मला डिकीकडे नीट बघायला लावलं. हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी असते. त्यामुळे डिकीचा तळ वर उचललेला, जागा 265 लिटरच्या आसपास. याच गाड्यांच्या साध्या आवृत्तीत ती 370 च्या पुढे आहे. शहरात दोन पिशव्या आणि भाजी न्यायला काहीच अडचण नाही. पण गणपतीला गावी जायचं म्हणजे चार माणसांचे कपडे, नारळ, सजावटीचं सामान, आईची घडीची कमोडची खुर्ची आणि वॉकर. मी शोरूममध्ये घरचा वॉकर घेऊनच गेले. घडी करून आडवा ठेवला, तर डिकीचं दार लागलं. मग वर बॅग ठेवायला जागा राहिली नाही. मागच्या सीटचा चाळीस टक्क्यांचा भाग पाडला, तर वॉकर उभा आत गेला आणि बॅगाही बसल्या, फक्त मग मागे दोघांनीच बसायचं. मुलगा उत्साहाने छतावरच्या कॅरिअरचं सांगू लागला. मी त्याला म्हटलं, रस्त्यात मध्येच थांबून वॉकर कॅरिअरवरून कोण उतरवणार? माणगावच्या पुढे आईला थांबावंच लागतं, आणि थांबलं की वॉकर आधी लागतो, चहा नंतर.

आणि बसणं. आमच्या जुन्या वॅगन आरची एक गोष्ट मी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती, कारण ती लक्षातच आली नव्हती: आई तिच्यात चढत नाही आणि उतरतही नाही, नुसती बसते. सीट बरोबर कमरेच्या उंचीला. दाराकडे पाठ करते, मागे टेकते, मग दोन्ही पाय एकेक करून आत घेते. नव्या गाडीची सीट त्याहून वर आहे. आईने डावा हात दाराच्या वरच्या हँडलला घातला, उजव्या हाताने निऱ्या मूठभर उचलल्या, टाचा उचलून एक झोका घेतला आणि बसली. दुसऱ्यांदा झोका कमी पडला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "जरा थांब," आणि गाडीला टेकून उभी राहिली. मुलाने लगेच साइड स्टेप दाखवल्या, दाराखाली बसवायच्या त्या पट्ट्या. आईने एकीवर पाय ठेवून बघितला. वर जाताना मदत झाली, उतरताना मात्र पट्टीची कड तिच्या नडगीला लागली, कारण पाय सरळ खाली जायच्याऐवजी आता पुढे टाकावा लागत होता. "हे नको," ती म्हणाली. "हँडल पुरे आहे. पण गाडी फूटपाथच्या कडेला लावत जा, म्हणजे माझी जमीन वर येते." हा उपाय कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता.

इथवर येऊनही प्रश्न तोच होता. वॉकर दोन्हींत तसाच बसतो, सीट दोन्हींची तेवढीच उंच. मग मी आमच्या मेस्त्रींकडे गेले. कोलशेतला त्यांचं गॅरेज आहे, वॅगन आरचं सगळं तेच बघतात. मी त्यांना हायब्रिडचं सांगितलं, तर ते फडक्याने हात पुसत म्हणाले, "ताई, या गाडीत क्लच नाही, स्टार्टर नाही, डायनॅमो नाही. काही ऑटोमॅटिक गाड्यांत असते ती बेल्टवाली सीव्हीटीपण नाही. आत दोन मोटरी आणि एक गिअरचा संच. बिघडायला कमी आहे, पण बिघडलं तर मी हात लावणार नाही. नारिंगी वायर दिसली की आम्ही मागे सरतो." नारिंगी म्हणजे उच्च दाबाची तार, ती सगळ्याच अशा गाड्यांत त्याच रंगाची असते. ऑइल, टायर, ब्रेकचे पॅड मी बघेन म्हणाले. आणखी एक सांगितलं: मोठी बॅटरी कितीही चांगली असो, आत साधी बारा व्होल्टची बॅटरी असतेच, आणि गाडीतले कॉम्प्युटर तिच्यावर जागे होतात. गाडी महिना-महिना उभी राहिली आणि ती उतरली, तर स्क्रीनवर 'रेडी' येतच नाही, आणि रेडी आलं नाही तर एवढी मोठी गाडी जागची हलत नाही. "डॉक्टरांच्या गाडीसारखी ठेवू नका," असं ते म्हणाले नाहीत, ते मला आठवलं.

मेस्त्रींच्या गॅरेजमधून बाहेर पडताना मला त्या शोरूमच्या मुलाला काय सांगायचं होतं ते सापडलं. बिडदीच्या फाटकापर्यंत तुझं बरोबर. पुढे एक गाडी एका वर्कशॉपमध्ये जाईल आणि दुसरी दुसऱ्या. टोयोटाचं हे तंत्र मूळचं, 1997 च्या प्रियसपासूनचं, त्यांच्या माणसांचा हात त्यावर जास्त बसलेला, हे नवऱ्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. माझं म्हणणं, आमची गाडी वर्षातले कित्येक दिवस मुंबई-गोवा महामार्गावर असते, आणि मारुतीचं जाळं मोठं, कोकणातही. रात्री पावसात, मागे आई बसलेली असताना गाडी अडली, तर मला तंत्र कुणाचं मूळचं याची पर्वा नसेल. कोण लवकर पोहोचेल याची असेल. यावर आम्ही दोघं खरंच भांडलो. आवाज न चढवता, पण दोन दिवस. तो चुकीचा आहे असं मला आजही वाटत नाही. ठाण्यातच राहायचं असतं आणि आई चालती-फिरती असती, तर मीही हायरायडर म्हटलं असतं.

शेवटी ग्रँड विटारा ठरली. रंग लेकीने निवडला. वॅगन आर एका नात्यातल्या मुलीला द्यायची आहे, तिला ड्रायव्हिंगचा हात बसवायचाय. पार्किंगसाठी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोललोय. नवी गाडी उंच आणि जड आहे, वरच्या ट्रेमध्ये चालणार नाही, त्यांची छोटी गाडी वर जाईल. ते तयार आहेत, सोसायटीचं पत्र तेवढं बाकी आहे.

बुकिंगच्या फॉर्मवर मुलाने ॲक्सेसरीजची यादी पुढे केली, तेव्हा आईने चष्मा लावून ती स्वतः वाचली. साइड स्टेपवर काट मारायला सांगितली. मॅट ठेवल्या, सीट कव्हर काढली, कारण कव्हरवरून साडी घसरते आणि पाठ टेकत नाही. मग तिने पेन टेबलावर ठेवलं आणि मुलाला विचारलं, "ही बॅटरी वॉरंटी संपल्यावर बदलायची झाली तर काय भावाला पडते?" मुलगा म्हणाला, "आजी, इतक्या पुढचं कोण विचारतं! विचारून सांगतो." "विचार," आई म्हणाली, "आणि हिच्या फोनवर लिहून पाठव. ही विसरते."